‘हा बॅकएंड उपलब्ध नाही’ : चार जुनी मशीन, एक टूल आणि राहून गेलेला भागाकार

तुम्ही लँग्वेज मॉडेल ट्रेन करायचं एखादं टूल उतरवलं, सांगितल्याप्रमाणे सगळं इन्स्टॉल केलं, कमांड दिली, आणि दहा सेकंदांत लाल अक्षरांत उत्तर आलं : तुमच्या पाइटॉर्चमध्ये एनसीसीएल नाही. हा अनुभव अजून आला नसेल तर येईल. विशेषतः तुम्ही बीडसारख्या जिल्ह्यात असाल आणि हाताशी एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पहिल्याच दिवशी येईल. मग आपण काय करतो? टूल डिलीट करतो आणि ‘हे आपल्या मशीनवर होत नाही’ असं म्हणून विषय बदलतो. मी दोनदा केलं आहे.

तिसऱ्यांदा नाही केलं. त्यातून काय शिकलो आणि नऊ दिवस कसे वाया घालवले ते सांगतो. टूलचं नाव देत नाही, कारण अशी टूल्स डझनभर आहेत आणि चूक शेवटी माझीच होती.

आधी माझा प्रश्न काय होता ते ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. मराठी शब्द मॉडेलला देण्याआधी त्यांचे तुकडे करावे लागतात, ते काम टोकनायझर करतो. नेहमीची पद्धत वारंवारता बघून तुकडे पाडते, त्यात कधी काना इकडे आणि व्यंजन तिकडे असं होतं. मला बघायचं होतं की अक्षर न मोडता तुकडे केले तर छोटं मॉडेल अधिक चांगलं शिकतं का. डेटासाठी पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानं २०२२ मध्ये खुला केलेला महाकॉर्पस होता : २.४८ कोटी वाक्यं, २८.९ कोटी टोकन. मॉडेल १२.५ कोटी पॅरामीटरचं. आणि मशीन? सुट्टीत रिकामी पडलेली कॉलेजची लॅब. त्यातली चार मशीन मिळाली, प्रत्येकी ४ जीबी रॅम, जीपीयू नाही.

तुम्ही म्हणाल, फुकटचा क्लाउड जीपीयू आहे की! आहे, पण त्याचं सत्र तुटतं, तासांची मर्यादा असते, आणि सलग काही दिवस चालणारं काम तुकड्यातुकड्यानं ओढत न्यावं लागतं. लॅब हळू होती, पण ती रात्रभर आपली होती.

आता हिशेब बघा. साध्या ३२ बिट आकड्यांत ट्रेनिंग केलं तर दर पॅरामीटरमागे ४ बाइट स्वतः पॅरामीटरला, ४ ग्रेडियंटला आणि ८ अ‍ॅडम या ऑप्टिमायझरच्या दोन नोंदींना लागतात. एकूण १६. म्हणजे १२.५ कोटींना २ जीबी. त्यावर मधल्या थरांचे आकडे, डेटा, ऑपरेटिंग सिस्टिम. ४ जीबीत बसत नाही, बसलं तरी स्वॅपमध्ये जातं आणि मशीन गुदमरतं. म्हणून वाटणी करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘झीरो’ ही पद्धत तेच करते : ऑप्टिमायझरच्या नोंदी आणि ग्रेडियंट यांचे तुकडे करून प्रत्येक मशीनकडे एकच तुकडा ठेवायचा. चार मशीनमध्ये २ जीबीचे साधारण ८७५ एमबी होतात : पूर्ण पॅरामीटर ५००, ग्रेडियंटचा पाव हिस्सा १२५, नोंदींचा पाव हिस्सा २५०. हे बसतं. टूलमध्ये ही वाटणी होती, म्हणून तर ते निवडलं.

बॅकएंड म्हणजे नेमकं कोण

टूल पाइटॉर्चला सांगतं, ‘सगळ्या मशीनवरच्या या आकड्यांची बेरीज कर.’ पाइटॉर्च ते स्वतः करत नाही. ते काम ज्याच्याकडे सोपवतं तो बॅकएंड. पाइटॉर्चमध्ये यासाठी मुख्यतः तीन नावं दिसतील. एनसीसीएल, ज्याचा उच्चार सगळे ‘निकल’ करतात, तो एनव्हिडियाचा आणि त्यांच्याच जीपीयूसाठी. ग्लू हा फेसबुकमध्ये तयार झालेला, साध्या सीपीयूवर आणि साध्या नेटवर्कवर चालणारा. एमपीआय हा सुपरकॉम्प्युटरच्या जगातला जुना गडी.

ज्यांच्याकडे जीपीयू आहेत ते लोक टूल लिहितात, त्यामुळे ‘निकल’ हे नाव कोडमध्ये थेट लिहून टाकलेलं असतं. मेटानं २०२३ मध्ये लामाचा जो मूळ कोड दिला त्यातही ते तसंच होतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, त्यांच्यासमोर दुसरं मशीनच नव्हतं. तेव्हा पहिली दुरुस्ती अगदी फालतू असते : कोडमध्ये ते नाव शोधा, त्याजागी ‘जीपीयू असेल तर निकल, नसेल तर ग्लू’ असं लिहा. मला हे तीन फायलींत सापडलं. अर्ध्या तासाचं काम.

आणि इथेच बरेच जण फसतात, कारण पहिली एरर गेली की दुसरी येते, आणि ती खरी असते. मला आलेली दुसरी एरर सांगत होती की ग्लूला ‘रिड्यूस-स्कॅटर’ येत नाही. पाइटॉर्चच्या माहितीपत्रात एक तक्ता आहे, कोणत्या बॅकएंडला कोणती क्रिया येते त्याचा. त्यात कितीतरी आवृत्त्यांमध्ये ग्लूच्या रकान्यात रिड्यूस-स्कॅटरपुढे फुली होती. हा तक्ता बदलत राहतो, म्हणून तुमच्याकडे जी आवृत्ती आहे तिचाच उघडा, दुसरीचा नको.

टोळीचा हिशेब

ही नावं ऐकून घाबरू नका. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीची टोळी काय असते ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही, तिथूनच घेऊ.

समजा टोळीत चार कोयते आहेत. दिवसभरात चार फडांत काम झालं. प्रत्येक कोयत्याकडे एक चिठ्ठी आहे, तिच्यावर चार आकडे : पहिल्या फडात मी किती मोळ्या बांधल्या, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात, चौथ्यात. संध्याकाळी बेरीज करायची आहे.

एक पद्धत अशी की शेवटी प्रत्येक कोयत्याच्या हातात चारही फडांची पूर्ण बेरीज आली पाहिजे. ही झाली ऑल-रिड्यूस. दुसरी पद्धत, पहिल्या कोयत्याला फक्त पहिल्या फडाची बेरीज कळली तरी पुरे, दुसऱ्याला दुसऱ्याची, असं. ही रिड्यूस-स्कॅटर. झीरोला हीच लागते, कारण प्रत्येक मशीन आपल्या वाट्याचेच पॅरामीटर बदलणार असतं, बाकीच्या बेरजा घेऊन ते काय करेल? आणि तिसरी, ज्याच्याकडे ज्या फडाची बेरीज आहे त्यानं ती सगळ्यांना सांगायची. ही ऑल-गॅदर.

आता नीट बघितलं तर रिड्यूस-स्कॅटर करून मग ऑल-गॅदर केलं की ऑल-रिड्यूसच होते. वर्तुळात शेजाऱ्याला चिठ्ठ्या देत बेरीज करायची जी रिंग पद्धत आहे, तीही या दोन फेऱ्यांचीच बनलेली असते. मग ग्लूला ऑल-रिड्यूस येते आणि रिड्यूस-स्कॅटर येत नाही, तर काय करायचं? ऑल-रिड्यूस करून घ्यायची, सगळ्या फडांची बेरीज हातात येऊ द्यायची, आणि आपल्या फडाचा आकडा ठेवून बाकीचे टाकून द्यायचे. झालं. नसलेली क्रिया असलेल्या क्रियेतून उभी केली.

हे फुकट नाही, बरं का. ग्रेडियंट एकूण ५०० एमबी. चार मशीनच्या रिंगमध्ये रिड्यूस-स्कॅटरला प्रत्येक मशीन त्याचा तीन-चतुर्थांश, म्हणजे ३७५ एमबी पाठवतं. ऑल-रिड्यूसला ७५०. त्यानंतर नवे पॅरामीटर वाटायला ऑल-गॅदरचे ३७५ आहेतच. म्हणजे दर पायरीला ७५० एमबीच्या जागी ११२५. नेटवर्क १ गिगाबिटचं असेल तर ६ सेकंदांचे ९ होतात. लॅबमधला स्विच १०० मेगाबिटचा निघाला तर ६० चे ९०! (आधी स्विचवरचं लेबल वाचा. मी चौथ्या दिवशी वाचलं.) यावर उपाय म्हणजे आठ छोट्या बॅचचे ग्रेडियंट आपल्याच मशीनवर साठवून एकदाच बोलणं, पण मग पूर्ण ग्रेडियंट जवळ बाळगावा लागतो, वाचवलेली मेमरी थोडी परत जाते. मी तेच केलं, कारण मेमरीत थोडी जागा होती आणि नेटवर्कमध्ये नव्हती.

आणखी एक गोष्ट. टूल सगळा ग्रेडियंट एकदम न पाठवता बादल्याबादल्यांनी पाठवत होतं. माझी पर्यायी क्रिया मी त्या बादलीच्या पातळीवर बसवली. वरच्या पातळीवर बसवली असती तर बेरजेसाठी आणखी ५०० एमबीची प्रत लागली असती, आणि ४ जीबीच्या मशीनवर तो आगाऊपणा परवडत नाही.

राहून गेलेला भागाकार

तिसरी एरर छोटी होती. टूल ग्रेडियंटची बेरीज मागत नव्हतं, सरासरी मागत होतं. ही ‘सरासरी’ नावाची तयार क्रिया पाइटॉर्चच्या कितीतरी आवृत्त्यांमध्ये निकलसाठी होती, ग्लूसाठी नव्हती. ग्लूला बेरीज येते. मी ‘सरासरी’ खोडून ‘बेरीज’ लिहिलं. पुढे मशीनच्या संख्येनं भागायचं होतं.

ते राहिलं.

कोड चालला. लॉस खाली येऊ लागला. पहिल्या टोकनायझरचं ट्रेनिंग चार मशीनवर पूर्ण झालं. दुसऱ्याचं चालू असताना एका रात्री लाइट गेली, एका मशीनचा यूपीएस मेला, आणि ते मशीन काही परत उठलं नाही. मी ऑप्टिमायझरचे चार तुकडे जोडले, परत तिनांत वाटले आणि काम पुढे चालू केलं. शेवटी अक्षर न मोडणारा टोकनायझर थोडा पुढे दिसला. मला हवं तेच उत्तर! सहामाही प्रगती अहवालात मी ते वाक्य लिहूनही टाकलं.

पकडलं कसं? मॅडमनी विचारलं, ‘तीन मशीन झाल्यावर काही बदललं का?’ काही नाही, असं सांगायला मी लॉग उघडला. लॉसच्या शेजारी ग्रेडियंटच्या लांबीचा एक आकडा छापला जातो. चार मशीन असताना तो २.१ च्या आसपास होता. लाइट गेली त्या जागी तो १.७ वर उतरला होता आणि तिथेच राहिला.

थांबा आणि विचार करा. सरासरी असती तर मशीन कमी झाल्यानं हा आकडा उतरायला नको होता. उलट किंचित वाढायला हवा होता, कारण कमी वाक्यांच्या सरासरीत गोंगाट जास्त असतो. मशीन कमी झाल्यावर जो आकडा कमी होतो तो बेरजेचा असतो.

मग इतके दिवस मॉडेल शिकलं कसं? चौपट ग्रेडियंटनं तर सगळं उधळायला हवं होतं. इथे अ‍ॅडमनं चूक झाकली. अ‍ॅडम ग्रेडियंटची सरासरी घेतो आणि तिला ग्रेडियंटच्या वर्गाच्या सरासरीच्या वर्गमुळानं भागतो. ग्रेडियंट चौपट केला तर वरचा आकडा चौपट, खालचाही चौपट, भागाकार तोच. तळाशी एक अगदी बारीक स्थिरांक मिळवलेला असतो, त्याचा फरक नगण्य. म्हणून लॉसचा आलेख बघून तुम्हाला ही चूक जन्मात दिसणार नाही.

पण पूर्ण झाकली नाही. बहुतेक टूल्समध्ये ग्रेडियंटला लगाम असतो : लांबी १ च्या वर गेली की कापून १ करायची. हा लगाम एखाद्या विचित्र बॅचपुरता असतो. माझी खरी लांबी अर्ध्याच्या आसपास असणार, लगाम क्वचितच लागला असता. चौपट केल्यावर ती २.१ झाली आणि लगाम जवळपास प्रत्येक पायरीला लागत राहिला, तीन मशीनच्या भागात वेगळ्या प्रमाणात. म्हणजे मी दोन टोकनायझरांची तुलना करत नव्हतोच. वेगवेगळ्या लगामांत पळालेल्या दोन घोड्यांची करत होतो.

आधी लिहायला हव्या होत्या त्या चाचण्या

चार मशीन लागत नाहीत. ग्लू एकाच लॅपटॉपवर चार प्रोसेस उघडून चालतो, तेवढ्यावर खालचं सगळं होतं. हे मला आधी माहीत असतं तर लॅबची किल्ली मागायच्या आधीच चूक सापडली असती.

पहिली चाचणी फक्त क्रियेची. आठ जागांची यादी घ्या. प्रोसेसना ० ते ३ क्रमांक आहेत, जागांना ० ते ७. प्रत्येक प्रोसेसनं आपल्या यादीत ‘१०० गुणिले माझा क्रमांक, अधिक जागेचा क्रमांक’ असे आकडे भरायचे. कुठल्याही जागेची बेरीज ६०० अधिक जागेच्या चौपट येते. क्रमांक २ च्या प्रोसेसला जागा ४ आणि ५ मिळायला हव्यात, म्हणजे ६१६ आणि ६२०. सरासरी मागितली तर १५४ आणि १५५. सगळीकडे एकच आकडा भरून चाचणी करू नका. तेव्हा बेरीज बरोबर येते, पण चुकीच्या फडाची चिठ्ठी हातात आली तरी कळत नाही.

मग आठऐवजी दहा जागा घ्या. दहाला चारानं भाग जात नाही, म्हणून शेवटी दोन शून्यं भरून बारा कराव्या लागतात आणि शेवटच्या प्रोसेसकडे एकच खरा आकडा राहतो. माझ्या पहिल्या कोडमध्ये इथेही गडबड होती, पण चार मशीनवर भाग पूर्ण जात असल्यानं ती कधी बाहेर आलीच नाही.

दुसरी चाचणी पूर्ण टूलची. सारख्या लांबीची आठ वाक्यं घ्या. एकदा एकाच प्रोसेसला आठही द्या, एकदा चार प्रोसेसना दोन-दोन. सुरुवातीचे पॅरामीटर तेच, ड्रॉपआउट बंद, लगाम बंद. ऑप्टिमायझर साधा एसजीडी, मोमेंटमशिवाय. एकच पायरी चालवा आणि पॅरामीटर किती हलले ते ताडून बघा. शेवटचे काही दशांश जुळणार नाहीत, कारण दशांश आकड्यांची बेरीज क्रम बदलला की किंचित बदलते, तेवढी सूट ठेवा. पण एक बाजू चौपट हलली असेल तर ते लगेच दिसतं. हीच चाचणी अ‍ॅडमनं केलीत तर ती नापास होणारच नाही : पहिल्या पायरीला अ‍ॅडम फक्त ग्रेडियंटची दिशा बघतो, आकार नाही. वाक्यं सारख्या लांबीची का, तर एका मशीनकडे लांब आणि दुसऱ्याकडे आखूड वाक्यं असली की सरासऱ्यांची सरासरी ही खरी सरासरी राहत नाही. तो वेगळाच किडा आहे, दोन किडे एकाच वेळी शोधू नयेत.

दुरुस्ती कुठे करायची हेही सांगतो. टूलमध्ये ती क्रिया अकरा ठिकाणी वापरली होती. अकरा ठिकाणी ‘ग्लू असेल तर’ लिहू नका, मी आधी तसंच केलं होतं आणि भागाकार त्या गर्दीतच हरवला. एक छोटं फंक्शन करा. त्यानं विचारायचं, या बॅकएंडला ही क्रिया येते का? येत असेल तर तीच वापरा. नसेल तर पर्याय वापरा, भागाकारासकट, आणि लॉगमध्ये एकदा स्पष्ट लिहा की पर्याय वापरतोय आणि तो जास्त नेटवर्क खातो. गुपचूप पर्याय वापरणारं टूल मला एरर देणाऱ्या टूलपेक्षा वाईट वाटतं. एरर निदान तोंडावर सांगते.

मी हा बदल टूलच्या मूळ लेखकांकडे पाठवला तेव्हा कोडच्या ओळी पन्नासच्या आत होत्या आणि चाचण्यांच्या त्याहून जास्त. त्यांनी फंक्शनचं नाव बदलायला लावलं, दहा जागांची चाचणी ठेवून घेतली आणि बदल स्वीकारला. वर्णनात मी तीनच गोष्टी लिहिल्या होत्या : कोणत्या आवृत्तीवर काय केल्यावर कोणती एरर येते, पर्यायाची किंमत किती, आणि ही चाचणी जुन्या कोडवर पडते व नव्यावर पास होते. इंग्रजी माझं बेताचंच आहे, कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही.

दोन्ही टोकनायझरांचं ट्रेनिंग पुन्हा केलं, दोन्ही तीनच मशीनवर, प्रत्येक दोन वेगवेगळ्या सुरुवातींनी. तुकडे वेगवेगळे असल्यामुळे दर टोकनामागचा लॉस ताडता येत नाही, म्हणून दर अक्षरामागचा घेतला. दोन टोकनायझरांमधला फरक हा एकाच टोकनायझरच्या दोन सुरुवातींमधल्या फरकाहून लहान निघाला. अहवालातलं ते वाक्य काढलं. त्याजागी सध्या दोन ओळींचा तक्ता आहे आणि खाली ‘या आकाराच्या मॉडेलवर फरक दिसला नाही’ एवढंच. मॅडमनी त्यावर सही केली आणि विचारलं की चौथ्या मशीनचा यूपीएस कधी दुरुस्त होणार आहे.